बाबांचा व्हेंटिलेटर काढा म्हटलं, तर मी त्यांना मारलं असं होईल का?

ताई, माझे वडील ८१ वर्षांचे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तेव्हापासून एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहेत. गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर जोडलाय, नाकातल्या नळीतून फीड जातं. डोळे अधूनमधून उघडतात, पण ओळख नाही. मेंदूचे डॉक्टर म्हणतात, यापुढे सुधारणा नाही. आता किडन्याही थकल्यात. डायलिसिस करायचं का, ते चार दिवसांत सांगा म्हणतात. आयसीयूचे डॉक्टर म्हणाले, "नाहीतर सही करून घरी न्या."

काका म्हणतात, डॉक्टरांच्या हातापाया पडून एक इंजेक्शन द्यायला लावू, जनावरालाही आपण असं ठेवत नाही, आणि आता आत्महत्येचासुद्धा गुन्हा राहिलेला नाही. दादा न्यू जर्सीला असतो. तो रोज रात्री फोनवर सांगतो, "काय लागेल ते करा, थांबायचं नाही." आई माळकरी आहे. ती म्हणते, पांडुरंग नेईल तेव्हा नेईल, आपण हात लावायचा नाही. रात्रपाळीच्या सिस्टर ख्रिस्ती आहेत, त्याही म्हणाल्या, आमच्यात हे चालत नाही.

२०१५ साली अरुणा शानबाग गेल्या तेव्हा बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले होते, "माझं असं झालं तर मला ठेवू नका गं." तेव्हा मी आणि आई दोघीच होतो. लिहून काही ठेवलेलं नाही. मी 'पुरे' म्हटलं तर कायद्यात बसतं का? पाप लागेल का?

ता. क. दादा पैसे पाठवतो, पण पुरत नाहीत. चार गुंठे विकायला काढलेत. हे लिहितानाही लाज वाटते.

– सांगली जिल्ह्यातली एक लेक

*

नमस्कार.

आधी काकांचं इंजेक्शन बाजूला काढू, म्हणजे बाकीचं बोलता येईल. ते कुणाकडे मागूही नका, आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून हळू आवाजातही नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं कलम गेलं, एवढं काकांचं बरोबर. पण त्याचा बाबांशी काय संबंध? ते स्वतःला काहीच करत नाहीयेत. मरणाऱ्याने संमती दिली असली तरी दुसऱ्याने त्याचा जीव घेणं आपल्याकडे सदोष मनुष्यवध ठरतो. आणि जो संमती द्यायच्या अवस्थेतच नाही, त्याला टोचणं हा सरळ खून. डॉक्टर अडकतील, काका अडकतील, तुम्हीही.

काकांचा दुसरा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येत नाही. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनेत पडलं होतं. सगळे उपाय थकले तेव्हा गांधीजींनी डॉक्टरला बोलावून, स्वतः हजर राहून, त्याला इंजेक्शन देऊन सोडवलं. अहिंसावाद्याने गोवंशातला जीव मारला म्हणून संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. घरच्या आजारी माणसांच्या बाबतीत आपण असं का करत नाही, याचं त्यांचं उत्तर असं होतं की माणसाला मदत करायचे मार्ग बहुधा आपल्या हातात उरलेले असतात, आणि माणूस स्वतः विचार करून ठरवू शकतो. बाबा आज ठरवू शकत नाहीत. पण मदतीचे मार्ग अजून संपलेले नाहीत, ते पुढे सांगते.

नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून काही अटींवर डॉक्टर असं इंजेक्शन देऊ शकतात. आपल्याकडेही हा वाद कालचा नाही. मिनू मसानींनी १९८१ मध्येच मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती. मला विचाराल, तर ज्या गावांत शेवटच्या घटका मोजणाऱ्या म्हाताऱ्याचा अंगठा जमिनीच्या कागदावर उठवून घेतात, तिथे ही मुभा इतक्यात देऊ नये असं माझं मत. समोरच्या बाजूचं म्हणणंही मला छळतं. कॅन्सरने तडफडणारा, पूर्ण शुद्धीतला माणूस 'मला सोडवा' म्हणतो, आणि आपण त्याला सांगतो की तुला काढण्यासारखी नळीच लावलेली नाही, म्हणून तुला सुटका नाही. यात न्याय आहे असं छातीठोकपणे कोण म्हणेल? पण तो तुमच्यापुढचा पेच नाही.

तुमच्या मनात काय आहे ते असं पडताळून बघा. समजा, व्हेंटिलेटर काढला आणि बाबा आपले आपण श्वास घ्यायला लागले. तुम्ही काय कराल? उशी घेऊन धावाल? खुर्ची ओढून शेजारी बसाल, आणि आईला फोन कराल. मारायलाच निघालेल्या माणसाचा बेत अशा वेळी फसतो. तुमचा फसत नाही, कारण तुम्हाला बाबा जायला नको आहेत, त्यांच्यावर चाललेला हा प्रकार थांबायला हवा आहे. नळी काढणं हीसुद्धा शेवटी कृतीच, मारणं आणि मरू देणं यात फरक कसला, असं म्हणणारे तत्त्वज्ञ आहेत, आणि त्यांचं कागदावर खोडून काढणं सोपं नाही. मला मात्र तो फरक खरा वाटतो. बाबांना नेणार आहे तो रक्तस्राव आणि ती थकलेली किडनी. तुम्ही फक्त आडवं घातलेलं यंत्र बाजूला करा म्हणताय.

आता 'सही करून घरी न्या' याबद्दल. ही आपल्याकडची नेहमीची वाट आहे, आणि मला तिचा राग येतो. त्या कागदावर लिहिलेलं असतं की नातेवाईक डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध पेशंटला नेत आहेत. म्हणजे सल्ला त्यांनीच द्यायचा आणि सही तुमची. अॅम्ब्युलन्समध्ये वॉर्डबॉय हाताने श्वास देणारी अॅम्बू बॅग दाबत येतो. घरी पोचल्यावर ती काढली की पुढचे तास तुमचे. धाप लागली, घशात कफ घुरघुरायला लागला, तर घरात सक्शन मशीन नाही, मॉर्फिन नाही, रात्री दोनला फोन उचलणारा डॉक्टर नाही. मग आयुष्यभर कानात तो आवाज राहतो, आणि 'आपणच नेलं' हा सल. घरी न्यायचंच असेल तर अवश्य न्या, कितीतरी लोकांना आपल्या घरात, आपल्या माणसांत जायचं असतं. पण आधी पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे बरं करण्यापेक्षा त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा, डॉक्टर किंवा नर्स घरी यायला तयार आहे का ते बघा, औषधं हातात घ्या, कशाला किती द्यायचं ते लिहून घ्या, आणि मगच स्ट्रेचर हलवू द्या.

याहून सरळ वाट कायद्यात आहे, आणि ती उघडली गेली ती बाबांनी ज्यांची बातमी वाचून पेपर खाली ठेवला त्या अरुणा शानबागमुळेच. त्या मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला, आणि पुढची चार दशकं त्या त्याच हॉस्पिटलात पडून होत्या. त्यांचं अन्न थांबवावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. ७ मार्च २०११ ला कोर्टाने नकार दिला. अरुणाताईंच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा, असा प्रश्न होता, आणि कोर्टाने तो केईएमच्या लोकांना दिला. इतक्या वर्षांत त्या परिचारिकांनी त्यांच्या अंगावर बेडसोअर होऊ दिलं नव्हतं, आणि त्यांना ही परवानगी नको होती. अरुणाताई १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. पण त्याच निकालाने इतरांसाठी एक गोष्ट मान्य केली होती: आशा उरली नसेल, तर हायकोर्टाच्या परवानगीने जीव धरून ठेवणारे उपचार थांबवता येतात. ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज खटल्यात पाच न्यायमूर्तींनी त्यापुढे जाऊन सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्यांनी घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती की ती कागदावरच राहिली. २४ जानेवारी २०२३ ला कोर्टानेच ती सुटसुटीत केली.

तुमच्या कामाची ती सुधारलेली पद्धत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी द्या: वडील बरे होण्याची शक्यता नसेल, तर जीवरक्षक उपचार थांबवण्याबाबत सुप्रीम कोर्टाच्या निर्देशांप्रमाणे हॉस्पिटलने मेडिकल बोर्ड बसवावं. अर्जाची पोच घ्या. पहिल्या बोर्डात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ असतात. ते तुमच्याशी बोलतात, लेखी संमती घेतात, आणि शक्यतो ४८ तासांत मत देतात. मग दुसरं बोर्ड. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ. त्यांचंही तेच मत पडलं, की हॉस्पिटल प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं आणि नंतर उपचार थांबवतं. तुम्हाला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. हॉस्पिटलने टाळाटाळ केली किंवा बोर्डाने नाही म्हटलं, तरच हायकोर्ट. आणि सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबईही गाठावी लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.

अर्ज दिल्यावर कुणी "असं काही नसतं हो" म्हणालं तर चिडू नका. बऱ्याच डॉक्टरांना हे माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना पोलिसांची भीती असते. मेडिकल सुपरिंटेंडेंटना भेटा.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट करा: रिपोर्ट आणि स्कॅनच्या सीडी घेऊन दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून बाबा ब्रेन डेड नाहीत, ते वेगळं प्रकरण असतं. सुधारणा नाही म्हणजे नेमकं काय नाही, हे डॉक्टरांकडून सरळ शब्दांत काढून घ्या. बोलतील का? गिळतील का? आपल्याला ओळखतील का? मी कागदावरचं पत्र वाचून सल्ला देणारी बाई. माझ्या सांगण्यावर एकही बटण बंद व्हायला नको.

डायलिसिसच्या चार दिवसांचं ओझं घेऊ नका. त्याला तुमची संमती लागते, आणि जी गोष्ट मुळात सुरूच करायची नाही तिचा विचार बोर्डापुढे बाकीच्यांबरोबरच होऊ शकतो. दादाला वेळ हवा असेल तर ठरावीक दिवस करून बघायचं आणि फरक नाही तर थांबायचं, असंही ठरवता येतं. फक्त थांबायची तारीख सुरू करतानाच लिहून घ्या, नाहीतर ती कधीच येत नाही. हृदय थांबलं तर छाती दाबायची का, हेही आत्ताच बोलून घ्या. ८१ वर्षांच्या बरगड्या असतात, त्या मोडतात. ते करू नये असं ठरवून केस पेपरवर लिहिता येतं. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२० मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं दिलेली आहेत.

आणि व्हेंटिलेटर काढायचं ठरलंच, तर तो खटका दाबून काढत नाहीत. आधी मॉर्फिन आणि झोपेची औषधं देऊन धाप लागणार नाही अशी तजवीज करतात. त्यानंतर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो, काही तासांत, कधी काही दिवसांतही. त्या वेळी तुम्हाला जवळ बसू देणार का, हे आधीच विचारा.

दादा. त्याला व्हिलन करू नका. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा शेवटच्या दुखण्यात होत्या. धाकटा मुलगा देवदास आला, तेव्हा दुर्मीळ असलेलं पेनिसिलिन विमानाने मागवलं गेलं. ते दर काही तासांनी टोचावं लागणार, हे कळल्यावर गांधीजींनी विरोध केला: आता हिला सुयांचा त्रास नको, देवावर सोड. बाप-लेकात वाद झाला. शेवटी देवदास गप्प बसले, आणि बा २२ तारखेला गांधीजींच्या मांडीवर गेल्या. वासराला इंजेक्शन देवविणाऱ्या माणसानेच बायकोचं इंजेक्शन थांबवलं, दोन्ही वेळा दुखणं कमी व्हावं म्हणून. त्या औषधाने बा वाचल्या असत्या का, कोण सांगणार? पण देवदास आईवरच्या मायेने भांडत होते, आणि तुमचा दादाही तेच करतोय. त्यात लांब राहिल्याची बोचणी मिसळली की आवाज चढतो.

तुम्ही त्याला रोज रात्री काय दाखवता? पुसलेला चेहरा, उशीवर नीट ठेवलेलं डोकं, चादर छातीपर्यंत. हॉस्पिटलची परवानगी घेऊन एकदा सकाळी, सक्शनच्या वेळी फोन लावा. गळ्यातल्या नळीत कॅथेटर घातल्यावर बाबांचं सगळं अंग कसं उचललं जातं, ते त्याला बघू दे. क्रूर वाटेल, पण रोज ते बघणारी एकटी तुम्ही असू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना त्याच्याशी थेट बोलायला लावा. आणि "काय करू रे?" असं त्याला विचारू नका, "बाबा काय म्हणाले असते?" असं विचारा. मग २०१५ चं ते वाक्य सांगा. ते कायद्याच्या भाषेत इच्छापत्र नाही, पण बोर्डाला आणि तुम्हा तिघांना ते दिशा देऊ शकतं. बाबा काय म्हणाले, केव्हा, कुणासमोर, हे तुम्ही आणि आई दोघींनी वेगवेगळं लिहा आणि तारीख घालून सही करा. दोघींच्या शब्दांत थोडा फरक पडला तर पडू दे.

आईंचं म्हणणं मला सगळ्यात कळीचं वाटतं. पांडुरंग नेईल तेव्हा नेईल, हे त्यांनी मनापासून म्हटलंय, मग त्यांना तेच विचारा: आई, सहा आठवडे आपण हातच लावतोय ना? गळ्याला भोक पाडलं तो हात नव्हता का? आपल्याकडे माणूस जायला लागला की त्याला खाली घेतात, तोंडात तुळशीचं पाणी घालतात, कुणीतरी हरिपाठ म्हणतं. तेव्हा वैद्याला परत बोलावलं नाही म्हणून कुणी पापी ठरवत नाही. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबांनी औषध, अन्न, पाणी सगळं नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. आचार्य शांतिसागरांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं जैन व्रत, घेतली, ते तुमच्या भागातल्या कुठल्याही जैन शेजाऱ्याला विचारा, हात जोडून सांगेल. त्यावरही वाद झालेत. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टाने संथाऱ्याला, म्हणजे याच व्रताला, आत्महत्या ठरवलं, आणि त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली.

मात्र हे दाखले जपून वापरा. विनोबांनी आणि शांतिसागरांनी स्वतः, शुद्धीत ठरवलं होतं; बाबा बेशुद्ध आहेत. नातेवाइकांपैकी कुणी ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीचा विषय काढला तर तो तिथेच थांबवा, योग्याच्या समाधीचा आणि आयसीयूतल्या बेडचा काही संबंध नाही. या दाखल्यांतून एवढंच दिसतं, की प्रत्येक श्वास ओढून-ताणून लांबवलाच पाहिजे असं आपल्या कुठल्याच परंपरेने सांगितलेलं नाही. आईंना ज्या कीर्तनकारांचा भरवसा वाटतो, त्यांना एकदा हॉस्पिटलात बोलवा. माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील.

सिस्टरांचं अर्धं खरं आहे. जीव घेणं चर्चला मुळीच मान्य नाही. पण व्हेंटिलेटर नवे होते तेव्हाच, १९५७ मध्ये, भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना नेमका हा प्रश्न विचारला होता, आणि जगवण्याचे असामान्य उपाय करत राहणं बंधनकारक नाही, असं त्यांनी सांगितलं. नाकातल्या नळीतून जाणाऱ्या अन्नाबाबत मात्र चर्चची भूमिका कडक आहे. ते साधी शुश्रूषा मानलं जातं. ते थांबवावं की नाही यावर डॉक्टरांतही एकमत नसतं. तुम्ही आईंसाठी तो विषय सध्या वेगळा ठेवलात तरी चालेल.

आता ता. क. व्हॅटिकनने १९८० मध्ये दयामरणाविरुद्ध जे पत्रक काढलं, त्यातही कुटुंबावर अवाजवी खर्च पडू नये ही इच्छा उपचार नाकारण्याच्या योग्य कारणांत मोजली आहे. मग तुम्ही कशाला लाजता? फक्त क्रम सांभाळा. डॉक्टरांनी आधी सांगायचं की फायदा नाही, मग तुम्ही खर्चाचा विचार करायचा. उलटा क्रम झाला तर गुंठे वाचतील, पण मन खात राहील. हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, तेही उद्या बिलिंगला विचारा, आणि दादाला आकडा सांगा, पूर्ण आकडा. गुंठे विकायला काढलेत हे त्याला ठाऊक नसावं असा माझा अंदाज आहे.

बाबांचं काही का होईना, तुमचं आणि आईंचं वैद्यकीय इच्छापत्र याच महिन्यात करून टाका. आपल्याला कुठल्या अवस्थेत कुठले उपचार नकोत, ते साध्या मराठीत लिहायचं. दोन साक्षीदार लागतात, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. प्रत नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, एक फॅमिली डॉक्टरांना द्या. आपल्या वतीने बोलणाऱ्यांची नावं त्यात लिहायची असतात, आणि २०२३ पासून एकापेक्षा जास्त देता येतात. आईंच्या कागदावर तुमच्या नावाबरोबर दादाचंही घाला, आणि त्याला आत्ताच फोन करून सांगा की घातलंय.